लहान बोट धक्क्याला कशी लावावी

बोट धक्क्याला लावण्याचे कौशल्य मुख्यतः वेग मोडण्यात आहे. मोटारीसारखा ब्रेक बोटीला नसतो. इंजिन बंद केल्यावरही ती पुढे सरकत राहते आणि वारा व प्रवाह तिला आपापल्या दिशेला ढकलत राहतात. म्हणून बंदरात शिरण्यापूर्वीच सारे ठरवून घ्यावे.

प्रथम जागा कोणत्या प्रकारची आहे हे समजून घ्यावे. उघड्या धक्क्यावर पाण्याची पातळी भरती-ओहोटीबरोबर बदलते, तर दरवाजे लावून पाणी अडवलेल्या ओल्या गोदीत ती बरीचशी स्थिर राहते. लिव्हरपूलजवळ मर्सी नदीच्या मुखाशी उधाणात पाणी नऊ मीटरपर्यंत चढते-उतरते. ओहोटीत मालाची चढउतार खोळंबू नये म्हणून थॉमस स्टीअर्स या अभियंत्याच्या आराखड्यानुसार तेथे बांधलेली बंदिस्त गोदी १७१५ मध्ये वापरात आली. अशा गोदीचे दरवाजे बहुधा भरतीच्या सुमारासच उघडतात, त्यामुळे भरतीची वेळ न पाहता निघाल्यास बाहेर ताटकळावे लागते. सुक्या गोदीत मात्र पाणी उपसून जहाज ठोकळ्यांवर टेकवले जाते. इंग्लंडमधील पोर्ट्समथ येथे राजा सातव्या हेन्रीने १४९५ मध्ये अशी गोदी बांधवली होती. ते काम गोदीच्या कामगारांचे असल्याने येथे त्याचा विचार केलेला नाही.

मोकळ्या पाण्यात असतानाच फेंडर, म्हणजे बोट घासू नये म्हणून तिच्या बाजूला लटकवायच्या उशा, धक्क्याच्या उंचीप्रमाणे बांधावेत. पुढचा, मागचा आणि बोटीच्या मध्यभागातून तिरपा जाणारा असे तीन दोर तरी तयार ठेवावेत. प्रत्येकाचे एक टोक बोटीवरील खुंटीला पक्के करून दुसरे टोक कठड्याखालून बाहेर काढावे, म्हणजे ऐनवेळी दोर कठड्यात अडकत नाही.

नंतर निशाणे आणि नांगरलेल्या बोटींची तोंडे पाहून वारा व प्रवाह यांपैकी कशाचा जोर अधिक आहे ते ठरवावे आणि शक्यतो त्याच्या विरुद्ध दिशेने धक्क्याकडे यावे. समोरून येणारा जोर बोट आपोआप थोपवतो. मागून येणारा जोर, वेग कितीही कमी ठेवला तरी, शेवटच्या क्षणी घात करतो. धक्क्याशी साधारण वीस ते तीस अंशांचा कोन ठेवून, गियर वारंवार न्यूट्रलमध्ये टाकत, सुकाणूला बोट दाद देईल एवढाच वेग राखावा. अंतराळातही हाच नियम चालतो: १६ मार्च १९६६ रोजी नील आर्मस्ट्राँग यांनी जेमिनी ८ हे यान अजीना या यानाला जोडले, तेव्हा दोन्ही याने पृथ्वीभोवती सेकंदाला सात किलोमीटरहून अधिक वेगाने फिरत होती, पण एकमेकांच्या जवळ ती सेकंदाला काही सेंटिमीटर इतक्या सावकाश आली.

धक्का बोटीच्या लांबीइतका जवळ आला की सुकाणू धक्क्यापासून दूर वळवून बोट त्याला समांतर करावी आणि थोडा वेळ इंजिन उलटे चालवून उरलेला वेग मोडावा. येथे पंख्याचा स्वभाव ठाऊक असावा लागतो. एकच इंजिन व स्थिर दांड्यावरचा पंखा असलेल्या बोटीत, पुढे जाताना मागून पाहिल्यास पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल, तर उलट्या गियरमध्ये बोटीचा मागचा भाग डावीकडे ओढला जातो. अशी बोट डाव्या बाजूने धक्क्याला लावणे सोपे जाते. आपल्या बोटीचा कल मोकळ्या पाण्यात एकदा आजमावून पाहावा. बाहेर बसवलेल्या मोटारीत पंखाच वळवता येत असल्याने ही अडचण फारशी जाणवत नाही.

सर्वांत आधी मध्यभागातील तिरपा दोर धक्क्यावरच्या मागील खुंटाला बांधावा. तो ताणला गेल्यावर सुकाणू धक्क्यापासून दूर वळवून इंजिन अगदी हळू पुढे चालवले, तर बोट धक्क्याला चिकटून राहते आणि बाकीचे दोर निवांतपणे बांधता येतात. बोट आणि धक्का यांच्या फटीत हात किंवा पाय कधीही घालू नये, आणि धक्क्यावर उडी मारू नये. पाऊल टाकण्याइतकी बोट जवळ आली नसेल, तर मागे जाऊन पुन्हा यावे. त्यात कमीपणा नाही.

सर्व दोर पक्के होईपर्यंत इंजिन बंद करू नये. तरंगता धक्का पाण्याबरोबर वरखाली होतो, पण स्थिर धक्क्यावर ओहोटीचा हिशेब धरून दोर लांब व सैल ठेवावेत. अन्यथा पाणी उतरल्यावर बोट दोरांवर लटकते आणि खुंट्या उखडतात.