टायबेरियसचे दिनारियस कसे वाचावे
टायबेरियस इ. स. १४ ते ३७ या काळात रोमचा सम्राट होता आणि सुरुवातीची एक-दोन वर्षे वगळता त्याच्या दिनारियस या चांदीच्या नाण्यावर एकच चित्रजोडी छापली जात राहिली. रोमन नाणी वाचायला शिकणाऱ्याने म्हणूनच याच नाण्यापासून सुरुवात करावी, असे मला वाटते.

नाणे कडांनी धरावे आणि उजेड बाजूने तिरपा पडू द्यावा, म्हणजे झिजलेली अक्षरेही उठून दिसतात. काळपट थर घासून काढू नये.

दर्शनी बाजूवर लॉरेलच्या पानांचा मुकुट घातलेला, उजवीकडे पाहणारा टायबेरियस आहे. त्याच्याभोवतीचा लेख घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वाचावा आणि शब्दांमध्ये मोकळी जागा शोधू नये. ‘दैवी ऑगस्टसचा पुत्र टायबेरियस सीझर ऑगस्टस’ असा त्याचा अर्थ असून ‘पुत्र’ या शब्दासाठी केवळ एक अक्षर कोरलेले असते. त्या एका अक्षरावर बराच भार आहे, कारण टायबेरियस हा ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिला तिच्या पहिल्या पतीपासून झालेला मुलगा होता, आधीचा सम्राट असलेल्या ऑगस्टसने त्याला इ. स. ४ मध्ये दत्तक घेतले होते आणि गादीवरचा त्याचा हक्क या नात्यावरच उभा होता.

मागच्या बाजूच्या लेखात ‘पोन्टिफेक्स मॅक्सिमस’ म्हणजे प्रमुख धर्माधिकारी हे पद संक्षेपाने दिलेले आहे. मध्ये खुर्चीवर बसलेली स्त्री एका हाती लांब राजदंड आणि दुसऱ्या हाती फांदी धरून आहे. तिला लिव्हिया किंवा शांतिदेवता म्हटले जाते. परंतु नाणे तिचे नाव सांगत नाही, त्यामुळे आपल्या नोंदीत ‘बसलेली स्त्री’ एवढेच लिहिणे मी योग्य मानतो. भिंग मात्र खुर्चीवर धरावे: पाय साधे आहेत की नक्षीदार, आणि खाली एक रेघ आहे की दोन, यांवरून अभ्यासक या नाण्यांचे गट पाडतात.

वजन साधारण पावणेचार ग्रॅम भरावे. कडेवर ओतकामाचा सांधा दिसला, तर ते नाणे नकली समजावे; झिजलेल्या जागी तांबे दिसले, तर ते चांदीचा मुलामा दिलेले असते आणि अशी खोटी नाणी रोमन काळातही चालत.

दक्षिण भारतातील रोमन नाण्यांच्या साठ्यांत हा प्रकार मोठ्या संख्येने मिळाला असून काही नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर मुद्दाम मारलेली चीर आढळते. असे नाणे जमिनीत सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे आणि तोवर ते धुऊ नये.