‘सीआरआर नंबर?’ : विशेष शिक्षिका होताना मला उशिरा कळलेल्या गोष्टी

माझी पहिली मुलाखत पाच मिनिटांतच आटोपली. सोलापूर जिल्ह्यातली बौद्धिक अक्षम मुलांची निवासी शाळा होती. मुख्याध्यापिका बाईंनी माझी फाईल उघडली, सहा महिन्यांच्या ‘विशेष शिक्षण’ कोर्सचं प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “सीआरआर नंबर?” मला तो शब्दच माहीत नव्हता. बाईंनी फाईल मिटून माझ्या हातात दिली. “अगं, हा कागद इथं चालत नाही. प्रवेश घेताना तुला कुणीच सांगितलं नाही का?”

नव्हतं सांगितलं. आईनं भिशीचे पैसे उचलून त्या कोर्सची फी भरली होती. संस्थेच्या माहितीपत्रकावर ‘शासनमान्य’ असं ठळक छापलेलं होतं आणि तेवढ्यावर आम्ही विश्वास ठेवला. पुढे बी.एड. स्पेशल केलं, नोंदणी झाली, आज नोकरीही आहे. पण हातची दोन वर्षं गेली ती गेलीच. दर मे-जूनमध्ये ओळखीतल्या कुणाची तरी मुलगी किंवा सून “मला तुमच्यासारखं विशेष शिक्षक व्हायचंय” म्हणून फोन करते. त्या प्रत्येकीला मी जे सांगते, ते इथं लिहून ठेवते आहे.

आपल्या देशात विशेष शिक्षकाचं काम कायद्यानं बांधलेलं आहे. १९९२ साली भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा झाला. हीच आपली आरसीआय. वाचा-उपचारतज्ज्ञ, ऑडिओलॉजिस्ट, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ अशा पुनर्वसन क्षेत्रातल्या व्यावसायिकांसोबत विशेष शिक्षकही या परिषदेच्या कक्षेत येतात. परिषदेनं मान्यता दिलेला अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर तुमचं नाव केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत चढतं आणि तुम्हाला एक क्रमांक मिळतो. तोच सीआरआर नंबर. या नोंदीशिवाय हा व्यवसाय केला तर कलम १३ खाली एक वर्षापर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार कडक वाटलं होतं. आता वाटत नाही. फिट येणाऱ्या मुलाला कसं धरायचं, कोणती हालचाल त्याला इजा करेल, हे न शिकलेल्या माणसाच्या हाती ते मूल आपण कसं देणार?

मान्यता पाहताना बहुतेक जण फसतात ते एकाच ठिकाणी. परिषदेची मान्यता संस्थेला सरसकट मिळत नाही. ती त्या संस्थेच्या त्या अभ्यासक्रमाला, त्या प्रवर्गाला आणि ठरावीक मुदतीसाठी मिळते. एखाद्या कॉलेजला कर्णबधिर प्रवर्गाच्या डी.एड.ची मान्यता असेल, पण बौद्धिक अक्षमतेच्या बी.एड.ची नसेल. मागच्या वर्षी मान्यता होती, यंदा नूतनीकरण रखडलंय, असंही होतं. म्हणून परिषदेच्या संकेतस्थळावर जाऊन राज्यवार यादीत संस्थेचं नाव, अभ्यासक्रम, प्रवर्ग आणि वर्ष या चारही गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. त्या पानाची छापील प्रत काढून फाईलला लावा. कॉलेजच्या ऑफिसात “मान्यतेचं पत्र दाखवता का?” असं विचारायला अजिबात संकोचू नका. चांगलं कॉलेज ते पत्र लगेच समोर ठेवतं.

रस्ते मुख्यतः दोन आहेत. बारावी ५० टक्क्यांनी झालेली असेल तर दोन वर्षांची डी.एड. स्पेशल. पदवी ५० टक्क्यांनी झालेली असेल तर बी.एड. स्पेशल, हेही आता दोनच वर्षांचं. राखीव प्रवर्गांना आणि दिव्यांग उमेदवारांना गुणांत सवलत असते. साधं बी.एड. झालेल्या बऱ्याच जणी विचारतात, “आमचं चालेल ना?” विशेष शिक्षक म्हणून नाही चालणार. त्यासाठी स्पेशलची पदविका किंवा पदवी वेगळी करावीच लागते. नोकरी सोडून दोन वर्षं कॉलेजात बसणं जमणार नसेल, तर मुक्त विद्यापीठातून बी.एड. स्पेशल करण्याचीही सोय आहे, पण संपर्कवर्ग आणि सराव पाठ तिथंही चुकत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. प्रवर्ग.

प्रवेशाच्या अर्जात एक रकाना असतो : एचआय, व्हीआय, आयडी, एलडी, एएसडी. म्हणजे कर्णबधिर, दृष्टिबाधित, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, स्वमग्नता. अर्ज भरताना मुली हा रकाना ‘कुठं जागा शिल्लक आहे’ यावरून भरतात. असं करू नका. तुमच्या नोंदणीवर हा प्रवर्ग छापला जातो आणि पुढची सगळी पदं त्यावर ठरतात. कर्णबधिर शाळेची जाहिरात आली आणि तुमचा प्रवर्ग आयडी असेल, तर पदवी हातात असूनही अर्ज बाद होतो.

शिवाय प्रत्येक प्रवर्गातलं रोजचं काम किती वेगळं आहे, हे बाहेरून कळत नाही. मला ते शिकताना दुसऱ्या प्रवर्गांच्या शाळांत पाठवलं तेव्हा उमगलं. कर्णबधिरांच्या वर्गात शिक्षिकेची सकाळ श्रवणयंत्रांच्या बॅटऱ्या तपासण्यात जाते. मग ती तोंडासमोर कागद धरते, म्हणजे मुलांना ओठ दिसू नयेत, आणि एकेकाला आ, ई, ऊ, श, स, म हे सहा आवाज ऐकवते. ज्याला ‘स’ ऐकू आला नाही, त्याचं यंत्र किंवा ते कानात बसवणारा साचा लगेच बघायचा. अंधशाळेत पाटी आणि टोच्यानं ब्रेल लिहायला बसले, तर माझं डोकंच चालेना. लिहायचं उजवीकडून डावीकडे, कारण टिंबं कागदाच्या मागच्या बाजूला उठतात आणि कागद उलटून वाचायचं डावीकडून उजवीकडे. शेजारची तिसरीतली मुलगी माझं बोट धरून मला टिंबं मोजायला शिकवत होती.

माझा जीव मात्र आयडीच्या वर्गात रमला. तिथं नऊ वर्षांचा एक मुलगा होता. त्याला शर्टाचं बटण लावायला शिकवायचं, हे माझ्या आयईपीतलं एक उद्दिष्ट होतं. आयईपी म्हणजे त्या एका मुलासाठी आखलेला वैयक्तिक शैक्षणिक कार्यक्रम. मी कृतीचे चार टप्पे लिहून मार्गदर्शक बाईंना दाखवले. त्या म्हणाल्या, “आधी डोळे मिटून स्वतःचं बटण लाव आणि बोटं काय काय करतात ते बोल.” मी बोलत गेले आणि टप्पे अकरा झाले. मग उलट्या बाजूनं सुरुवात केली. पहिले दहा टप्पे मी करायचे, शेवटचा, म्हणजे भोकातून अर्धं बाहेर आलेलं बटण ओढून घ्यायचा, तो त्यानं. त्यामुळे रोज काम पूर्ण करण्याचा आनंद त्याच्याच वाट्याला यायचा. तो टप्पा जमला की शेवटचे दोन त्याचे. सातव्या आठवड्यात त्यानं सगळं बटण एकट्यानं लावलं आणि लगेच काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. त्याची आई दाराशी उभी होती. त्या दिवशी माझा प्रवर्ग ठरला असं मी म्हणते. खरं तर अर्ज आधीच भरलेला होता, माझं नशीब की तो बरोबर निघाला. तुम्ही नशिबावर सोडू नका. अर्ज भरण्याआधी दोन-तीन प्रकारच्या विशेष शाळांत मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन चार-चार दिवस नुसतं बसा. वर्गात बसा, जेवणाच्या पंगतीत बसा. मुलांना शौचाला नेणाऱ्या मावशींबरोबरही जा, कारण स्वतःची स्वच्छता शिकवणं हाही अभ्यासक्रमच आहे.

शिक्षण झालं की नोंदणी. अर्ज ऑनलाइन असतो. दहावीपासूनची कागदपत्रं, गुणपत्रकं आणि पदवी लागते. यात मुलींना सगळ्यात जास्त छळतो तो नावातला फरक : दहावीला माहेरचं नाव, पदवीला सासरचं, आधारवर तिसरंच काहीतरी. माझ्या मैत्रिणीची नोंदणी याच कारणानं महिनोन्महिने अडकली आणि तोवर तिची नियुक्ती दुसऱ्या उमेदवाराला गेली. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र शेवटच्या सत्रातच तयार ठेवा. निकाल लागल्यावर थांबू नका, त्याच आठवड्यात अर्ज करा.

शाळांमधल्या भरतीसाठी पुढची पायरी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. राज्याची परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, केंद्राची सीटीईटी सीबीएसई घेते. दोन्हीकडे पेपर १५० गुणांचा, पहिली ते पाचवीसाठी पहिला आणि सहावी ते आठवीसाठी दुसरा. उत्तीर्ण व्हायला ६० टक्के लागतात आणि प्रमाणपत्र आता आजन्म चालतं. आपल्याला बालमानसशास्त्राचा भाग सोपा जातो, गणित-विज्ञान मात्र बसून करावं लागतं. शिकत असतानाच एकदा परीक्षा देऊन पाहा.

नोकऱ्या कुठं असतात? एक, विशेष शाळा. राज्यात त्या दिव्यांग कल्याण विभागाखाली येतात, आयुक्तालय पुण्यात आहे. अनुदानित शाळेतली जागा चांगली, पण निघते क्वचित. संस्थाचालकानं जागेसाठी पैसे मागितले तर तिथून उठून या, हे मी मनापासून सांगते. दोन, समग्र शिक्षा अभियान. तिथं तुम्ही तालुक्याच्या गट साधन केंद्राशी जोडलेले असता आणि जिल्हा परिषदेच्या शाळाशाळांतून फिरता. काही मुलं शाळेपर्यंत येऊच शकत नाहीत, त्यांच्या घरी जाऊन शिकवता. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांनी हे काम वर्षानुवर्षं कंत्राटी मानधनावर केलं, पावसापाण्यात दुचाकीवर केलं. त्यांच्यावर अन्याय झाला असं मला स्पष्ट वाटतं. तीन, खासगी शाळा, विशेषतः पुण्या-मुंबईत. इथं ‘शॅडो टीचर’, म्हणजे वर्गात एकाच मुलासोबत बसून त्याला मदत करणारी व्यक्ती, म्हणून नोंदणी नसलेल्या मुलींना थोड्या पगारावर घेतात. अनुभव म्हणून ठीक आहे, पण त्या कामाला विशेष शिक्षकाची नोकरी समजून वर्षं घालवू नका.

चित्र हळूहळू बदलतंय, तेही सांगायला हवं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आले. २८ ऑक्टोबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं प्राथमिकला १० विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक आणि त्यापुढे १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितलं. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं सगळ्या राज्यांना ही पदं मंजूर करून पात्र शिक्षकांनी भरायला बजावलं आणि आधीपासून कंत्राटावर असलेल्यांसाठी छाननी समिती नेमायला सांगितलं. यातला ‘पात्र’ हा शब्द नीट वाचा. जागा निघतील तेव्हा ज्यांच्या हातात मान्यताप्राप्त पदवी आणि चालू नोंदणी असेल, त्यांचाच विचार होणार.

चालू नोंदणी असं मुद्दाम म्हणते, कारण ती कायमची नसते. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी सीआरईचे, म्हणजे परिषदेनं मान्य केलेल्या कार्यशाळांचे, १०० गुण जमवावे लागतात. पहिली चार वर्षं निवांत काढून पाचव्या वर्षी जिल्ह्याजिल्ह्यातून कार्यशाळा शोधत फिरणारे सहकारी मी पाहिलेत. वर्षाला २० गुण धरून चाला आणि कार्यशाळा संपल्यावर प्रमाणपत्र हातात घेऊनच बाहेर पडा. माझी अशी सगळी प्रमाणपत्रं एका निळ्या फाईलमध्ये आहेत. पहिल्या पानावर नोंदणीची प्रत, तिच्यावर मुदत संपण्याची तारीख लाल पेननं लिहिलेली. ती फाईल मी आईकडे ठेवायला दिली आहे. भिशीचे पैसे तिनं दिले होते, तारखाही तिच्याच लक्षात राहतात.