लॅप टाइम ताडून बघण्याआधी टायर वाचा

रोज चालवायला कुठली स्पोर्ट्स कार आणि ट्रॅकवर कुठली, हे नुसत्या लॅप टाइमवरून, म्हणजे ट्रॅकची एक फेरी मारायला लागलेल्या वेळेवरून, ठरवलं की घोळ होतो. बरीच करामत टायरचीच असते.

१. टायरच्या साइडवॉलवर (बाजूच्या भिंतीवर) ‘ट्रेडवेअर’ (झिजेचा दर्जा) या शब्दापुढचा आकडा बघा. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एसवर तो ३०० असतो, त्याच कंपनीच्या, ट्रॅककडे झुकलेल्या पायलट स्पोर्ट कप २ वर त्याहून कमी. आकडा लहान म्हणजे सहसा पकड जास्त, झीजही लवकर.
२. दोन्ही गाड्यांना सारख्याच प्रकारचे टायर असतील तरच लॅप टाइम ताडून बघा.
३. चारही टायरचा भाव आधीच विचारा, म्हणजे डोकं ताळ्यावर येतं!

ट्रेडवेअरचा आकडा टायर कंपन्या स्वतःच ठरवतात, म्हणून तुलना एकाच कंपनीच्या टायरांत करा.