सायकल रेसरचं करिअर कसं वाचायचं: शॉन केलीचा रेकॉर्ड समोर ठेवून

जुलैमधे टूर द फ्रान्स बघून रोड रेसिंगची गोडी लागली की पुढचा प्रश्न हमखास ठरलेला, अमुक रेसर टूर किती वेळा जिंकला? उत्तर "एकदाही नाही" आलं की विषय तिथेच संपतो. आयर्लंडच्या शॉन केलीच्या बाबतीत असं केलंत तर मोठाच घोटाळा होईल, कारण टूर न जिंकता एवढं प्रचंड करिअर केलेली माणसं फारच थोडी आहेत. म्हणून त्याचाच रेकॉर्ड घेऊन सांगतो, एकदा हात बसला की कुठल्याही रेसरचं निकालांचं पान उघडून स्वतः वाचता येईल.

सगळ्यात आधी रेसचे तीन गठ्ठे करा. एक दिवसाच्या मोठ्या क्लासिक्स, आठवडाभराच्या स्टेज रेस (रोजचा एक टप्पा म्हणजे स्टेज) आणि तीन आठवड्यांच्या ग्रँड टूर. क्लासिक्समधे पाच सगळ्यात मानाच्या, त्यांना मॉन्युमेंट म्हणतात: मिलान–सान रेमो, टूर ऑफ फ्लँडर्स, पॅरिस–रुबे, लिएज–बास्तोन–लिएज आणि लोम्बार्दिया. केलीने यातल्या चार जिंकल्यात, एकूण नऊ वेळा. सान रेमो, रुबे आणि लिएज प्रत्येकी दोनदा, लोम्बार्दिया तीनदा. आठवड्याच्या रेसमधे पॅरिस–नीस १९८२ ते १९८८ सलग सात वर्षं, मधे एकही वर्ष खंड नाही. आणि ग्रँड टूरच्या गठ्ठ्यात १९८८ ची वुएल्ता, म्हणजे टूर ऑफ स्पेन. साधारणपणे रेसर यातल्या एकाच गठ्ठ्यात भारी असतो, दोनात असला तर नशीब, तिन्हीत नाव असणं म्हणजे काय ते लक्षात घ्या.

मग कुठलं तरी एक वर्ष घ्या आणि महिना महिना करत वाचा, बेरजा करत बसू नका. मी म्हणेन १९८४ घ्या. मार्चमधे पॅरिस–नीस जिंकला. १ एप्रिलला टूर ऑफ फ्लँडर्समधे दुसरा. पुढच्या रविवारी, ८ एप्रिलला पॅरिस–रुबे पहिला, त्याच्या पुढच्या रविवारी लिएजमधे पण पहिला. आता या तीन रेस कसल्या आहेत ते बघा. फ्लँडर्स म्हणजे छोटे पण अंगावर येणारे दगडी चढ, रुबे म्हणजे सपाट पण ओबडधोबड दगडी रस्ते जिथे हँडल धरून हात बधिर होतात आणि जड, ताकदवान गडी चालतात, आणि लिएज म्हणजे आर्देन भागातले एकामागून एक डोंगर, तिथे हलक्या अंगाचे क्लाइंबर पुढे असतात. दोन आठवड्यांत तिन्ही ठिकाणी पहिल्या दोनात!

दुसरे नंबर वाचायला विसरू नका, खरं तर मला विचाराल तर माणूस तिथेच जास्त कळतो. फ्लँडर्स ही केलीला न मिळालेली एकमेव मॉन्युमेंट, पण तिथे तो १९८४, १९८६ आणि १९८७ असा तीनदा दुसरा आलाय. नुसत्या विजयांच्या यादीत फ्लँडर्सपुढे रिकामी जागा दिसेल आणि वाटेल की त्याला ती रेस झेपत नव्हती, जे साफ चूक आहे.

जर्सीचं पण तसंच. टूरमधली हिरवी जर्सी पॉइंट्सची असते, रोजच्या फिनिशला आणि मधल्या स्प्रिंटला जे पॉइंट मिळतात त्यांची बेरीज. केलीने ती चारदा नेली, १९८२, १९८३, १९८५ आणि १९८९, चार वेळा नेणारा तो पहिलाच. आता त्याच पानावर स्टेज विजय बघा: १९७८, १९८० मधे दोन, १९८१, १९८२, बस. म्हणजे चारपैकी तीन हिरव्या जर्सी त्याने एकही स्टेज न जिंकता मिळवल्या. तीन आठवडे रोज पुढच्या घोळक्यात, डोंगर असो की वारा असो, कधी दुसरा कधी चौथा कधी पाचवा, असं करत करत साठवलेले पॉइंट आहेत ते. टूरमधला त्याचा सगळ्यात वरचा नंबर चौथा, १९८५ साली, त्याच्या पुढे फ्रान्सचा इनो, अमेरिकेचा लेमाँड आणि आपला दुसरा आयरिश गडी स्टीफन रोश. हाच रोश १९८७ ला जिरो (इटलीची ग्रँड टूर), टूर आणि वर्ल्ड चॅम्पियनशिप एकाच वर्षी जिंकला, त्यामुळे केलीवर थोडी सावली पडते, पण दोघांची तुलना फक्त टूरवरून करणं म्हणजे फक्त वर्ल्ड कपवरून टेस्ट बॅट्समनची किंमत ठरवणं.

निकालांची जात कुठल्या वर्षी बदलली ते शोधा, आणि त्या वर्षी टीम कुठली होती ते बघा. केली कॅरिक-ऑन-शूर गावाजवळच्या शेतकऱ्याच्या घरातला, शाळा लवकर सुटली, शेतावर काम, मग गवंडीकाम. १९७६ ला फ्रान्समधे मेत्सच्या क्लबकडून हौशी रेसर म्हणून धडाधड जिंकायला लागला तेव्हा जाँ द ग्रिबाल्दी नावाचा फ्रेंच टीम मॅनेजर त्याला साइन करायला थेट आयर्लंडला त्याच्या घरी पोचला. १९७७ ते १९८१ निकाल बघाल तर बहुतेक स्प्रिंटरचे, स्टेज जिंकतोय पण अख्खी मोठी रेस नाही. १९८२ ला तो परत द ग्रिबाल्दीच्या टीममधे आला, द ग्रिबाल्दीचा हट्टच होता की हा पोरगा स्टेज रेस जिंकू शकतो, खाण्यापिण्याच्या बाबतीत तर भयंकर कडक माणूस. आणि त्याच वर्षी पहिली पॅरिस–नीस! कागदावर ही नुसती टीमच्या नावातली एक ओळ असते, पण पुढचं सगळं करिअर तिथून उघडतं.

"रेस सोडली" असं लिहिलेलं दिसलं तर कारण शोधा. १९८७ च्या वुएल्तात केलीने शेवटी शेवटी टाइम ट्रायलमधे (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध पळवायची स्टेज) लीडरची जर्सी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी बसायच्या जागी झालेल्या गळवामुळे सायकलवरून उतरावं लागलं, शर्यत संपायला तीन दिवस राहिले असताना. हे माहीत असेल तरच १९८८ चा विजय नीट समजतो. आणि डाग पण वाचायचे, झाकायचे नाहीत: १९८४ च्या पॅरिस–ब्रुसेल्स आणि १९८८ च्या बास्क कंट्री रेसमधे त्याची डोपिंग टेस्ट पॉझिटिव्ह आली, कारवाई झाली. केली मला प्रचंड आवडतो, तरी हे सोडून त्याचं करिअर सांगणं मला पटत नाही.

एवढं वाचून झालं की मगच व्हिडिओ लावा, आणि एकच लावायचा असेल तर १९९२ ची मिलान–सान रेमो. केली ३५ वर्षांचा, सगळे म्हणतायत संपला. जवळजवळ ३०० किलोमीटर झाल्यावर पोज्जो या फिनिशजवळच्या शेवटच्या चढावर इटलीचा मोरेनो अर्जेन्टिन सुटतो आणि काही सेकंदांच्या फरकाने एकटा वर पोचतो. इथून अर्जेन्टिनकडे बघू नका, मागे घोळक्यातून निसटलेल्या केलीकडे बघा. वळणात शिरताना तो ब्रेक किती उशिरा दाबतो, बाहेर पडताना भिंतीच्या किती जवळून जातो, आणि सरळ पट्टा आला की लगेच पेडल. उतार संपल्यावर तो अर्जेन्टिनला गाठतो, पण लगेच पुढे जात नाही, त्याच्या मागच्या चाकाला चिकटून दम घेतो, अर्जेन्टिन मागे वळून बघतोय, मागचा घोळका जवळ येतोय, तरी हा शांत. मग शेवटी एकच स्प्रिंट. आधी पूर्ण वेगात बघा, मग उताराचा भाग परत हळू करून बघा.

सराव करायचा असेल तर सॅम बेनेटचं पान घ्या, तो पण कॅरिक-ऑन-शूरचाच, २०२० ला टूरची हिरवी जर्सी आणि पॅरिसमधल्या शाँझेलिझे रस्त्यावरची शेवटची स्टेज जिंकलेला. तो शुद्ध स्प्रिंटर आहे, त्यामुळे गठ्ठे करताना पहिल्या पाच मिनिटांत फरक दिसेल. त्यानंतर डॅन मार्टिन, लिएज २०१३ आणि लोम्बार्दिया २०१४ चा विजेता, म्हणजे डोंगराकडचा गडी. त्याच्या पानावर रुबे शोधत बसू नका, वसंतातल्या लिएजपासून सुरुवात करा आणि शरदातल्या लोम्बार्दियापर्यंत खाली या.