सड्यावर कंपनी येण्याआधी गावाने कोणते कागद बघावेत

माझी सगळी नोकरी राजापूर तालुक्यात ग्रामपंचायतींची दप्तरं सांभाळण्यात गेली. सड्यावर, म्हणजे गावच्या कातळाच्या पठारावर, मोठ्या प्रकल्पाची कुजबुज सुरू झाली की गाव मोर्च्याच्या तयारीला लागतं. मोर्चा हवाच. पण जमीन मोर्च्याच्या दिवशी जात नाही, ती त्याच्या कितीतरी आधी कागदावर गेलेली असते.

पहिलं काम सातबाऱ्याचं. स्वतःचाच नव्हे, वाडीतल्या सगळ्या सामायिक गटांचे सातबारे आणि ८अ (खातेदाराच्या नावावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा) काढा. आपल्याकडे एका गटावर पंधरा-वीस नावं असतात आणि त्यातली निम्मी माणसं डोंबिवली-नालासोपाऱ्याला. दलाल आधी गावात येतच नाही. तो त्यांच्या खोलीवर जातो, "काका, नुसता कातळ आहे, तिथे पिकतं काय?" म्हणतो आणि कुलमुखत्यारपत्रावर, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणाऱ्या कागदावर, सही घेतो. एवढा एक हिस्सा गेला की परका माणूस तुमच्या गटात सहहिस्सेदार होऊन बसतो आणि उद्या वाटपाचा अर्जही तोच करतो. म्हणून गणपतीत चाकरमानी घरी असतात तेव्हा आरती झाल्यावर सगळ्यांना एकत्र बसवा. वंशावळ लिहा, मयतांचे वारस लावून घ्या. बहिणींची आणि आत्यांची नावं गाळू नका. त्या हक्काने वारस आहेत, आणि ज्यांना घरच्यांनी विचारलं नाही त्यांनाच दलाल आधी गाठतो. कुलमुखत्यारपत्र द्यायचंच झालं तर घरच्या माणसाला, एकाच कामापुरतं.

मग 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर गावाचं नाव घालून फेरफाराच्या, म्हणजे उताऱ्यावरचं नाव बदलण्याच्या, नोटिसा बघत राहा. हरकतीला पंधरा दिवस असतात. तोंडी सांगितलेली हरकत ही हरकत नसते. लेखी द्या आणि पोच घ्या.

आंबा, काजू, फणस, जे असेल ते ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाईलवरून होणाऱ्या सरकारी पीकनोंदणीत, नोंदवा. कातळ उताऱ्यावर 'पोटखराबा' म्हणजे लागवडीला अयोग्य म्हणून असतो आणि कंपनीच्या अहवालात त्याचीच 'ओसाड जमीन' होते. गुरं कुठे चरतात, पऱ्या (ओढा) कुठून निघतो, पावसाळ्यात सड्यावर भात-नाचणी कुठे होते, हे सगळं गट नंबर घालून लिहून ठेवा, फोटो काढा. कातळशिल्पं असतील तर तीही. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यात राजापूर तालुक्यातल्या बारसूचीही आहेत. ज्याला ओसाड म्हणत होते तोच हा सडा.

नोटीस आली की आधी बघा ती कुठल्या कायद्याखाली आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते, सरकारी-खाजगी भागीदारी असेल तर ७० टक्के. एमआयडीसीच्या (राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाच्या) १९६१ च्या कायद्याची वाट वेगळी. तिथे कलम ३२(२) ची नोटीस येते आणि त्यात दिलेल्या मुदतीतच म्हणणं मांडावं लागतं. ती मुदत हुकवू नका.

आता ज्या कागदापर्यंत गाव सहसा पोचत नाही त्याच्याबद्दल. तो म्हणजे सरकार आणि कंपनी यांच्यातला करार. गुहागर तालुक्यात अंजनवेलला एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा दाभोळ वीजप्रकल्प आला तेव्हा वीज मंडळाने १९९३ साली वीसेक वर्षांचा वीजखरेदी करार केला. वीज उचलली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यायचे. दर डॉलरशी बांधलेला. वर राज्य सरकारची हमी, तिच्यावर केंद्राची प्रतिहमी. वाद झाला तर लवाद लंडनला. मे २००१ मध्ये मंडळाने करार रद्द केला, डिसेंबरात एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोर झाली. तरी प्रकरण मिटलं नाही. तिच्या भागीदार जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांनी मॉरिशसमधल्या आपल्या कंपन्यांच्या नावाने, भारत-मॉरिशस गुंतवणूक कराराचा आधार घेऊन भारतावर दावे लावले. ते २००५ मध्ये तडजोडीने मिटले.

मी याला साम्राज्यच म्हणते. राजापूरच्या वखारीतले इंग्रज व्यापारी म्हणून आले होते आणि १६६० साली तोफा घेऊन सिद्दी जौहरच्या मदतीला पन्हाळ्याच्या वेढ्यात उभे राहिले. महाराजांनी पुढच्याच वर्षी राजापूरवर चाल करून त्यांना कैद केलं. आज तोफेची गरज उरलेली नाही. नफा त्यांचा, जोखीम आपल्या तिजोरीची आणि न्याय समुद्रापलीकडे, असं एकदा लिहून घेतलं की पुरतं. म्हणून कराराचा मसुदा हातात आला तर चारच गोष्टी शोधा: पैसे कुठल्या चलनात, हमी कोणाची, वाद कुठल्या देशात, आणि भांडवल कुठल्या देशातून आणलं.

करार माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाला दहा रुपये, मजकूर एकाच विषयावर, १५० शब्दांत. 'व्यापारी गुपित' म्हणून कलम ८(१)(घ) दाखवून नाकारतील. मोठं जनहित असेल तर माहिती द्यावी लागते हे त्याच कलमात आहे. ते लिहून तीस दिवसांत पहिलं अपील करा.

पर्यावरणाची जनसुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. तीस दिवस आधी वर्तमानपत्रात जाहिरात हवी, अहवालाचा सारांश मराठीत हवा. सुनावणी संपताना कार्यवृत्त मराठीत समजावून वाचून दाखवलंच पाहिजे. लोक घोषणा देऊन निघून जातात आणि कागदावर भलतंच उरतं. शेवटपर्यंत थांबा. खाडीत डोल जाळी लावणाऱ्यांना आणि मच्छी विकणाऱ्या बायकांना बोलायला पुढे बसवा, त्यांचं म्हणणं लेखीही द्या. त्याआधी ग्रामसभेचा ठराव करून घ्या; ग्रामसभेपूर्वी महिला सभा घ्यावी लागते, ती टाळू देऊ नका.

शेवटी मूळ कंपनीचा देश शोधा. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेची कंपन्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आहेत; त्यांना बांधलेल्या देशांत 'राष्ट्रीय संपर्क केंद्र' असतं, तिथे तक्रार करता येते. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या डोंगरिया कोंध आदिवासींबाबत ब्रिटनच्या केंद्राने २००९ मध्ये वेदांता या खाण कंपनीविरुद्ध निष्कर्ष दिला होता. हा निकाल कंपनीला बांधत नाही, पण गुंतवणूकदार तो वाचतात. जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाला अणुभट्ट्या देऊ पाहणारी कंपनी फ्रान्सची आहे आणि फ्रान्समध्ये २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना परदेशातल्या उपकंपन्यांच्या वागण्याबद्दलही दक्षता घ्यावी लागते. तक्रारीला गावच्या ठरावाची, हरकतींच्या पोचांची आणि कार्यवृत्ताची प्रत जोडा. मूळ कागद गावातच ठेवा, दोन वेगवेगळ्या घरांत.