दिव्यांग खेळाडूंसाठी बुद्धिबळ स्पर्धेची तयारी

प्रवेशअर्जात अपंगत्वाचं नाव विचारून फारसं काही कळत नाही. व्हीलचेअर आहे का, मदतनीस येणार का, दृष्टिहीनांसाठीचा स्पर्शाचा पट आणि बोलणारं घड्याळ कोण आणणार, हे विचारा. पहिल्या फेरीच्या सकाळी हे प्रश्न निघाले तर डाव उशिरा सुरू होतो.

स्विस पद्धतीत, म्हणजे दर फेरीला साधारण सारखे गुण असलेल्यांच्या जोड्या लावतात तिथे, खेळाडूचा बोर्ड दर फेरीला बदलतो. व्हीलचेअर वापरणाऱ्याला मात्र एकच टेबल कायम ठेवा, प्रतिस्पर्धी तिथे येईल. या टेबलाचा क्रमांक पेअरिंगच्या (जोड्या लावणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये आधीच पक्का करा. यादी भिंतीवर लागल्यावर हाताने अदलाबदल केली की कुणीतरी चुकीच्या बोर्डावर जाऊन बसतोच. टेबल ओळीच्या टोकाला, दारापासून जवळ असावं. खाली गुडघ्यांसाठी जवळपास ७० सेंमी उंची मोकळी हवी, मध्ये आडवी दांडी नको. वाट किमान ९० सेंमी, वळायला दीड मीटर. एकच हात चालत असेल तर घड्याळ त्या बाजूला ठेवा. डाव सुरू होण्यापूर्वी घड्याळाची जागा पंचच ठरवतो.

मोहरे हलवता, घड्याळ दाबता किंवा चाली लिहिता येत नसतील तर खेळाडू मदतनीस आणू शकतो, पण तो पंचाला मान्य हवा. इथे एक चूक हमखास होते. घड्याळ दाबायला किंवा चाली लिहायला मदतनीस घेतला की त्या खेळाडूची वेळ पंच योग्य प्रमाणात जुळवून घेतो, पण फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) नियमांनुसार वेळेतला हा बदल दिव्यांग खेळाडूच्या घड्याळाला लागू नाही. नियम अर्धाच आठवणारा पंच त्याची वेळ कापून मोकळा होतो.

दृष्टिहीन खेळाडूच्या डावात सगळ्यात जास्त तयारी लागते. पट दोन लागतात, एक त्याच्यासाठी स्पर्शाचा आणि एक डोळस प्रतिस्पर्ध्यासाठी साधा. स्पर्शाचा पट निदान २० बाय २० सेंमीचा, काळी घरं किंचित उंच, प्रत्येक घरात भोक आणि मोहऱ्याला खुंटी. काळ्या मोहऱ्यांवर हाताला कळेल अशी खूण. हात लावलेलं मोहरं हलवावंच लागतं, पण इथे ते भोकातून उचललं तरच ‘हात लागला’ असं धरतात, नुसतं चाचपणं चालतं. डोळस प्रतिस्पर्धी नेमका इथेच तक्रार करतो, म्हणून आधी समजावून सांगा.

चाल मोठ्याने सांगायची, समोरच्याने ती पुन्हा म्हणायची आणि आपल्या पटावर करायची. बी, सी, डी, ई, जी कानाला सारखेच वाटतात, म्हणून फिडेच्या सूचनांत पटावरच्या ए ते एच या उभ्या स्तंभांना आना, बेला, सेझर, डाविड, एव्हा, फेलिक्स, गुस्टाव, हेक्टर अशी नावं आहेत. आकडे आणि मोहऱ्यांची नावं जर्मन असतात. पंच दुसरी भाषा ठरवू शकतो. ती फेरीआधी ठरवा. बोलण्यात जीभ घसरली तर प्रतिस्पर्ध्याचं घड्याळ सुरू होण्याआधी लगेच दुरुस्त करावी लागते. बाकीच्यांना या बोलण्याचा त्रास होऊ नये म्हणून टेबल कडेला लावा.

दोन्ही पटांवर स्थिती वेगळी निघाली तर घड्याळ थांबवा आणि दोघांच्या नोंदी ताडून पाहा. नोंदी जुळतात पण एका पटावर वेगळी चाल झाली आहे, तर तो पट नोंदीप्रमाणे करायचा. नोंदीच जुळत नसतील तर त्या जुळतात तिथपर्यंत मागे जाऊन घड्याळं पुन्हा लावायची. दृष्टिहीन खेळाडू ब्रेलमध्ये, हाताने किंवा ध्वनिमुद्रण करून नोंद ठेवू शकतो. ध्वनिमुद्रक फेरीआधी पंचाने तपासावा.

दृष्टिहीन खेळाडूचा मदतनीस दोघांच्या चाली जाहीर करू शकतो, घड्याळ दाबू शकतो, वेळ संपल्याचा दावाही करू शकतो. किती वेळ झाला, किती चाली झाल्या, हे मात्र खेळाडूने विचारल्यावरच सांगायचं. आपणहून ‘पाच मिनिटं उरली’ म्हणणं ही मदत नव्हे, सूचना झाली.

कर्णबधिर खेळाडूंसाठी प्रत्येक घोषणा फलकावर लिहा आणि फेरी सुरू होताना हाताने खूण करा. बरोबरीचा प्रस्ताव, बेकायदा चाल, वेळ संपली, यांची छापील कार्डं पंचाच्या खिशात असली की काम सोपं होतं. ब्लूटूथ असलेलं श्रवणयंत्र आधी तपासून लेखी परवानगी द्या, नाहीतर इलेक्ट्रॉनिक उपकरणांवरच्या बंदीचा वाद ऐन डावात उभा राहतो. दृष्टिहीन विरुद्ध कर्णबधिर अशी जोडी पडली तर मदतनीस सक्तीचाच, म्हणून एखादा स्वयंसेवक राखून ठेवा.