पायटीझेड काढून झोनइन्फो टाकताना

लोकलच्या टाइमटेबलचं एक छोटं पायथॉन पॅकेज मी सांभाळतो, ओपन सोर्स, म्हणजे डोंबिवली फास्टमध्ये उभ्या उभ्या इश्यू, म्हणजे लोकांनी कळवलेल्या तक्रारी, वाचायचे आणि रात्री जेवणं झाली की कोड. त्यात टाइमझोन सांभाळायला पायटीझेड ही बाहेरची लायब्ररी होती. २०२० मध्ये पायथॉन ३.९ आलं तेव्हापासून त्याच कामाचं झोनइन्फो भाषेतच मिळतं, जँगो या वेब फ्रेमवर्कनेही ५.० मध्ये पायटीझेड काढून टाकलं, तरी मी चालढकल करत होतो.

तुम्हीही बदलणार असाल तर आधी टेस्ट लिहा, कोडला हात नंतर. पण सध्या जे उत्तर येतंय ते बरोबर आहे असं धरून चालू नका राव, माझं चूकच होतं. ८:१० च्या गाडीची आठवण २३ मिनिटं आधी वाजायची. कारण डेटटाइम (पायथॉनमधली तारीख-वेळ) बनवताना टीझेडइन्फो, म्हणजे टाइमझोन, म्हणून पायटीझेडचा एशिया/कोलकाता थेट दिला की तो यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) ५:३० तास पुढे न धरता ५:५३ धरतो, ती कोलकात्याची जुनी स्थानिक वेळ. पायटीझेडमध्ये त्यासाठी लोकलाइज हे फंक्शन वापरावं लागतं, झोनइन्फोमध्ये लोकलाइज नाहीच, झोन थेट द्यायचा आणि उत्तर बरोबर येतं.

आता खरी गोम. आपल्याकडे घड्याळ पुढेमागे करत नाहीत, त्यामुळे नुसत्या भारतीय वेळेच्या टेस्ट सगळ्या हिरव्या दिसतात आणि आपण खुश. न्यूयॉर्क किंवा लंडनची एक टेस्ट घालाच, घड्याळ बदलतं त्या रात्रीची. त्यात २४ तास मिळवले की झोनइन्फो दुसऱ्या दिवशीची तीच घड्याळातली वेळ देतं, पायटीझेड नॉर्मलाइज केल्यावर (त्याचं वेळ दुरुस्त करणारं फंक्शन) खरोखर २४ तास पुढची, म्हणजे एका तासाचा फरक. खरे तास हवे असतील तर यूटीसीत नेऊन बेरीज करा आणि परत आणा. घड्याळ मागे घेतलं की तीच वेळ दोनदा येते, त्यातली कोणती हे पायटीझेडमध्ये इझ-डीएसटीने सांगायचं, झोनइन्फोमध्ये त्याच्या जागी फोल्ड येतं.

विंडोजवाल्यांसाठी टीझेडडेटा हे पॅकेज डिपेंडन्सीत (सोबत इन्स्टॉल होणाऱ्या पॅकेजच्या यादीत) टाका, तिथे सिस्टिमचा टाइमझोन डेटा नसतो, नाहीतर इश्यूंचा पाऊस, तोही जुलैमधला.

तुमचं फंक्शन पायटीझेडचा झोन लावलेला डेटटाइम बाहेर देत असेल तर कोणीतरी त्याचं डॉट झोन (झोनचं नाव) वाचत असणारच, झोनइन्फोमध्ये ते डॉट की होतं. म्हणून गुपचूप पॅच रिलीजमध्ये, म्हणजे छोट्या दुरुस्तीच्या आवृत्तीत, ढकलू नका. एका मायनर व्हर्जनमध्ये डेप्रिकेशन वॉर्निंग (हे पुढे जाणार असा इशारा) द्या, स्टॅकलेव्हल २ ठेवून, म्हणजे वॉर्निंग वापरणाऱ्याच्या ओळीवर दिसते, मग मेजरमध्ये काढा.

शेवटी पायप्रोजेक्ट फाइलमधून नाव काढलं की कोऱ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (पॅकेजची वेगळी, रिकामी जागा) सगळं चालवून बघा. माझ्या लॅपटॉपवर पांडाज २ ही डेटाची लायब्ररी पायटीझेड स्वतःच ओढून आणत होती, त्यामुळे एक विसरलेलं इम्पोर्ट आठवडाभर बिनबोभाट चाललं.